वही कोरी, खिशात वाळू: बालवाडीच्या ताईंना विचारा

शाळा सुरू होऊन दोन-अडीच महिने झाले की पत्रांचा सूर बदलतो. जूनमध्ये ‘मूल रडतं, काय करू’ अशी पत्रं येतात आणि ऑगस्टमध्ये ‘मूल आनंदानं जातं, पण शिकत काहीच नाही’ अशी. यातल्या दुसऱ्या काळजीवर या वेळी जरा सविस्तर लिहिते. सांगलीत बालवाडी चालवताना जे रोज डोळ्यांसमोर घडत होतं, त्यावरून ही उत्तरं दिली आहेत. जिथे डॉक्टरांकडे जायला हवं, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

ताई, माझा मुलगा पावणेचार वर्षांचा आहे. त्याला घराजवळच्या मराठी बालवाडीत घातलंय. रोज खिशात वाळू घेऊन येतो. काय शिकलास विचारलं तर ‘खेळलो’ एवढंच सांगतो. वही कोरी. समोरच्या फ्लॅटमधली त्याच्याच वयाची मुलगी ए टू झेड आणि एक ते पन्नास आकडे लिहिते. सासूबाई म्हणतात, शाळा बदला. काय करू?
– एक आई, चिंचवड

शाळा बदलायच्या आधी एक करा. शाळेची परवानगी घ्या, अर्धा तास कोपऱ्यात बसा आणि त्या वाळूपाशी काय चालतं ते बघा. मधे बोलू नका, नुसतं बघा.

आमच्या बालवाडीत वाळूचा हौद होता. हौद कसला, विटांची वीतभर उंच चौकट. त्यात नदीची चाळलेली वाळू, कोणाकोणाच्या घरून आलेली जुनी पातेली, चाळण्या, करवंट्या आणि एक नरसाळं. एका सकाळचं सांगते. तुमच्या मुलाएवढाच एक मुलगा नरसाळ्यात वाळू भरत होता, पण ती खाली उतरेना. त्यानं नरसाळं हलवलं, आपटलं, काडीनं टोचलं. शेजारी त्याच्याहून थोडी मोठी मुलगी होती. ती म्हणाली, “ओली आहे ना, म्हणून.” तिनं हौदाच्या उन्हातल्या कडेची कोरडी वाळू मूठभर घेतली आणि नरसाळ्यात टाकली. ती सरसर खाली आली. मुलगा काही बोलला नाही. थोड्या वेळानं बघितलं तर त्यानं दोन ढीग केले होते. ओल्या वाळूच्या करवंटीत दाबून इडल्या, आणि कोरडी वाळू ही साखर. मग ताटल्या मांडल्या. “तुला एक, मला एक, ताईंना एक.” एक इडली कमी पडली. तो उठून गेला आणि बरोबर एकच करून घेऊन आला. तेवढ्यात मुलगी म्हणाली, “हॉटेल माझं.” यावर बराच वाद झाला आणि शेवटी ठरलं की आधी ती मालक, मग तो.

यात वहीत उतरण्यासारखं काहीच नाही. पण बघा, ओली वाळू का अडते याचा त्यानं शोध घेतला. दोन प्रकार वेगळे केले आणि कशाचा उपयोग कशाला ते ठरवलं. माणसागणिक एक वस्तू मोजली आणि कमी किती पडली ते ओळखलं. पहिलीतली वजाबाकी याच वाटेनं येते. ‘म्हणून’, ‘आधी’, ‘मग’ हे शब्द त्याच्या कानावर पडले ते गरजेच्या वेळी, त्यामुळे ते राहतात. आणि हवी ती गोष्ट लगेच न मिळता आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, हे पावणेचार वर्षांच्या मुलासाठी फार अवघड काम त्यानं केलं. घरी आल्यावर यातलं काय सांगणार? तो ‘खेळलो’ म्हणतो ते खरंच आहे.

आता लिहिण्याचं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेची, म्हणजे मऊ असतात आणि वर्षानुवर्षं एकेक करून घट्ट होत जातात. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाताचा एक्स-रे काढला तर त्यातली जेमतेम तीन-चार दिसतात. बोटांचे बारीक स्नायूही अजून तयार होत असतात. अशा हाताला पेन्सिल देऊन चार रेघांत बसणारं अक्षर काढायला लावलं की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, खांदा उचलतं, जीभ बाहेर काढतं आणि दोन ओळींत कंटाळतं. वाळू दाबणं, कणीक तिंबणं, मटार सोलणं, ओला रुमाल पिळणं, कपड्यांचे चिमटे उघडणं-मिटणं यांनी तोच हात तयार होतो. पाच-साडेपाचला त्याच हातानं लिहायला घेतलं तर अक्षरं लवकर जमतात.

समोरच्या मुलीबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही, तिला आवडत असेल तर लिहू दे. मात्र आकडे लिहिता येणं आणि संख्या कळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही मुलांना प्रेमानं सांगून बघा: “मला सात चमचे आणून दे.” पन्नासपर्यंत लिहिणारं मूलही इथे हातात येतील तेवढे चमचे आणू शकतं. याच वयाचं आणखी एक: मुलासमोर दोन सारख्या वाट्यांत सारखं पाणी घ्या. मग एका वाटीतलं पाणी त्याच्यादेखत उंच, अरुंद पेल्यात ओता आणि विचारा, जास्त कुठे आहे? ते पेल्याकडे बोट दाखवेल. जाँ पियाजे या स्वित्झर्लंडच्या मानसशास्त्रज्ञानं हे प्रयोग खूप आधी करून दाखवले. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलं असंच उत्तर देतात. समजावून सांगून हे बदलत नाही. वर्षभर ओत-काढ करून बदलतं, आणि ती ओत-काढ तुमचा मुलगा रोज करतो आहे.

सासूबाईंना सरकारी दाखला हवा असेल तर तोही आहे. केंद्र सरकारनं 2021 मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू केलं. त्यात पहिलीच्या आधीच्या वर्गासाठी, म्हणजे पाच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, आकड्यांच्या बाबतीत दहापर्यंतचे अंक ओळखणं-वाचणं आणि क्रम लावणं एवढंच लक्ष्य आहे. 99 पर्यंत लिहिणं-वाचणं हे पहिलीच्या अखेरीचं लक्ष्य. 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही तीन ते सहा वयाच्या मुलांना पाठ्यपुस्तक लावू नये असंच म्हटलं आहे.

आता एक गोष्ट शाळेच्या विरुद्ध बाजूनं. ‘आमच्याकडे खेळातून शिक्षण’ असा फलक लावून मुलांना नुसतं मोकळं सोडून देणाऱ्या शाळाही आहेत, आणि तुमची शाळा तशी नाही ना, हे तुम्ही तपासलंच पाहिजे. ताई मुलांमध्ये खाली बसतात की टेबलापाशी? रोज गोष्ट सांगतात का? सामान मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर आहे का? चित्रांची पुस्तकं कुरतडलेली, दुमडलेली दिसतात का, म्हणजे ती वापरात आहेत का? मुलांच्या भांडणात ताई काय बोलतात? तुमच्या मुलाबद्दल विचारलं तर ‘छान आहे’ यापलीकडे काही सांगता येतं का? ही उत्तरं नीट मिळाली तर शाळा बदलू नका. नाही मिळाली तर बेलाशक बदला, पण कोरी वही हे कारण धरू नका.

आणि घरी ‘काय शिकलास’ विचारणं थांबवा. ‘आज कोणाशेजारी बसलास?’, ‘वाळूचं काय केलंत?’ असं विचारा. बोलेल.

मुलगी मोठ्या शिशुवर्गात आहे. शंभरपर्यंत म्हणते, पण सत्तावीस सांगितलं की 72 लिहिते, त्रेचाळीसला 34. तिला काही अडचण तर नाही ना?
– एक बाबा, लातूर

मुळीच नाही. ती जे ऐकते आहे तेच लिहिते आहे. ‘सत्तावीस’मध्ये सात आधी ऐकू येतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी, सात नंतर. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला ‘ट्वेंटी सेव्हन’ ज्या क्रमानं ऐकू येतं त्याच क्रमानं लिहायचं असतं. मराठी मुलाला प्रत्येक संख्या मनात उलटवावी लागते. त्यात आपल्याकडे शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येचं नाव स्वतंत्र पाठ करावं लागतं, आणि एकोणतीस, एकोणचाळीस ही मंडळी तर पुढच्या दशकाचं नाव लावून येतात. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. माझं मत विचाराल तर सत्तावीस, त्रेचाळीस हे आपले शब्द टिकलेच पाहिजेत. पण शिकणाऱ्या मुलाला काही दिवस ‘वीस आणि सात, सत्तावीस’ असा आधार दिला तर भाषेचं काहीच बिघडत नाही.

घरी खराट्याच्या काड्या सारख्या तोडून घ्या. दहा-दहांच्या जुड्या तिला स्वतःला रबर लावून बांधू द्या. सत्तावीस म्हणजे दोन जुड्या आणि सात सुट्या. आधी जुड्या मांडायच्या, मग सुट्या, आणि मग त्याच क्रमानं खाली अंक. कागद-पेन्सिल आठवडाभर बाजूला ठेवली तरी चालेल. शंभरपर्यंत जायची घाई नको, वीसपर्यंत पक्कं होऊ दे. सातवं वर्ष उलटून गेल्यावरही काड्या हातात असताना गोंधळ होत राहिला, तर शाळेतल्या बाईंशी बोलून तज्ज्ञांना दाखवा. आत्ता मुळीच नको.

अडीच वर्षांचा मुलगा प्लेग्रुपमध्ये मुलांना चावतो. शाळेतून दोनदा फोन आला. घरी आम्ही कोणी मारत नाही. फार अपराधी वाटतं.
– एक आई, म्हापसा

या वयात चावणारी मुलं जवळपास दरवर्षी एक-दोन असतातच आणि त्यांच्या घरी मारहाण होते असं मुळीच नसतं. खेळणं हिसकावलं गेलं, गर्दी झाली, झोप आली, दाढ येते आहे, आणि ‘दे माझं’ म्हणायला शब्द वेळेवर सापडला नाही की दात पुढे येतात. शाळेला फक्त एवढं विचारा: कोणत्या वेळी, कुठे, कशावरून? बहुतेक वेळा ठरावीक वेळ निघते, डब्याच्या आधीची किंवा घरी निघायच्या सुमाराची. त्या वेळी ताईंनी त्याच्या हाताच्या अंतरावर बसायचं. चावलाच तर आधी ज्या मुलाला लागलं त्याच्याकडे जायचं. मग याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून थोडक्यात सांगायचं: “चावायचं नाही. दुखतं.” आणि लगेच त्याला हवं असलेलं वाक्य त्याच्या तोंडी द्यायचं, “मला दे म्हण.” भाषण नको. ‘कळू दे कसं लागतं’ म्हणून त्याला उलट चावायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. कातडी फुटली असेल तर जखम साबण-पाण्यानं धुऊन डॉक्टरांना दाखवायची. शब्द आले की बहुतेकांचं चावणं तीन-साडेतीनपर्यंत थांबतं.

माझी नात साडेतीन वर्षांची. घरी अखंड बडबड. इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत जाऊ लागल्यापासून शाळेत एक शब्द बोलत नाही म्हणे. बाईंनी ‘स्पेशल’ शाळेचा विषय काढला. घरात सगळे हादरलेत.
– एक आजोबा, सातारा

काका, आधी सगळ्यांना धीर द्या. घरी भरभरून बोलणारं मूल नव्या भाषेच्या वर्गात काही आठवडे, कधी काही महिनेही गप्प राहतं, हे नेहमी दिसतं. ती रिकामी बसलेली नसते, ऐकून साठवत असते. बाईंना विचारा: “बॅग आणा” म्हटलं की ती आणते का? गाण्याला हात हलवते का? दुसऱ्या मुलांकडे बघून हसते का, त्यांच्याजवळ जाते का? हे होत असेल तर काळजीचं कारण दिसत नाही.

घरी ‘आज बोललीस का?’ हा प्रश्न अजिबात नको. पाहुण्यांसमोर ‘हिला इंग्लिश येतं, म्हणून दाखव’ हेही नको. तिच्याशी घरी इंग्रजीत बोलायला लागा असं कोणी सांगेल, ते ऐकू नका. तुम्ही तिला रात्री ज्या गोष्टी सांगता त्या तशाच मराठीत, रंगवून, मोठमोठ्या वाक्यांत सांगा. एका भाषेत विचार जुळवता आले की दुसरी भाषा त्यांवर बसते. शाळेला मात्र एक विनंती करा: तिला बोलावं न लागणारी कामं द्या. वह्या वाटणं, रोपाला पाणी घालणं, रांगेत पुढे उभं राहणं. आणि वर्गात एखादी मराठी बोलणारी मैत्रीण असेल तर तिच्याशेजारी बसवा, दोघी मराठीत कुजबुजल्या तर दटावू नका. पहिला शब्द बहुधा त्या कुजबुजीतच फुटतो.

कधी दाखवायचं तेही लिहिते. तिला हाक ऐकू जाते का याची शंका असेल तर लगेच कान तपासून घ्या. बागेत, दुकानात, नातेवाइकांतही ती मराठीतसुद्धा गप्पच होत असेल आणि दिवाळीनंतरही तसंच चाललं असेल, किंवा घरचं बोलणं कमी होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते पुढे वाणीउपचारतज्ज्ञ किंवा बालमानसतज्ज्ञ सुचवतील. त्याआधी शाळा बदलण्याचा निर्णय घेऊ नका.

मी अंगणवाडी सेविका आहे. एकाच खोलीत तीन ते सहा वर्षांची सगळी मुलं. घरी वारली बोलतात. मी प्रमाण मराठीत शिकवते तर मुलं नुसती बघत राहतात. आणि आया म्हणतात, ए बी सी डी शिकवा, नाहीतर खाजगीत घालतो. साहित्यही पुरेसं नाही.
– एक ताई, जव्हार तालुका

ताई, तुमचं पत्र वाचून मनापासून लिहावंसं वाटलं, कारण तुमच्याच जिल्ह्यात हे प्रश्न फार पूर्वी कोणीतरी असेच अंगावर घेतले होते. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम केलं, 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ सुरू झाला, आणि 1945 मध्ये त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायका बालवाडीच पाड्यावर घेऊन गेल्या, झोपडीपुढच्या अंगणात. 1957 मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरली. धाकट्या भावंडांना सांभाळायचं म्हणून मुली शाळेला येत नव्हत्या, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. महागडी माँटेसरी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं यांतून साहित्य उभं केलं. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला 33 प्रकल्पांत सुरू झाली, त्याच्या तीस वर्षं आधीपासून सुरू झालेल्या या गोष्टी. आहार, लसीकरण, वजन-उंची यांच्याबरोबर शाळेआधीचं शिक्षणही त्या योजनेत पहिल्यापासून आहे, त्यामुळे तुम्ही शिक्षिका आहात, आणि आयांशी बोलताना तसंच बोला.

भाषेपासून सुरुवात करा. सकाळचा गोल वारलीतच घ्या. तुम्हाला वारली येत नसेल तर मदतनीस ताईंना किंवा एखाद्या आजीला आठवड्यातून एक दिवस बोलवा, गोष्ट सांगायला. तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी तुम्ही मराठीत सांगा, चित्र दाखवत, हातवारे करत. गोष्ट ओळखीची झाली की नवे शब्द मुलं स्वतः पकडतात. “पाणी पी”, “हात धू”, “इथे बस” ही रोजची वाक्यं मराठीत सारखी कानावर पडू द्या. मुलानं वारलीत उत्तर दिलं तर ते बरोबर उत्तर समजा आणि मराठीत पुन्हा म्हणा. चूक म्हणून दुरुस्त करू नका.

तीन वयांची मुलं एकत्र आहेत याचा त्रास मला माहीत आहे, पण याचाच उपयोगही करता येतो. गोल, गाणं, गोष्ट, आहार सगळ्यांचं एकत्र. मग खोलीत तीन चटया टाका. एकीवर लहान मुलं: माती, भांडी, बाहुल्या. तिथे बारीक बिया ठेवू नका, नाकात-तोंडात जातात. दुसरीवर मधली मुलं: चिंचोके आणि सागाची पानं, पानावर पाच चिंचोके ठेव, एक काढ. तिसरीवर मोठी मुलं, आणि तुम्ही बसायचं ते तिथे, वीस मिनिटं, मन लावून. मोठ्यांपैकी रोज एकाला लहानांच्या चटईवर ‘ताई’ किंवा ‘दादा’ म्हणून पाठवा. जो समजावून सांगतो त्याचं स्वतःचं पक्कं होतं.

अक्षरांआधीच्या रेघांसाठी तुमच्याकडे जे आहे ते शहरातल्या शाळांकडे नाही. वारली चित्रात गोल, त्रिकोण, सरळ रेघ आणि ठिपका असतो, आणि हे आकार मुलांनी घराच्या भिंतीवर जन्मापासून पाहिलेले असतात. अंगणवाडीच्या ओट्यावर गेरूचा पट्टा सारवा, तांदळाचं पीठ पाण्यात कालवा, काडी हातात द्या. आधी मोठमोठे आकार, पूर्ण खांद्यानं काढलेले. ग, म, भ, न काढायला लागणारी वळणं याच हातात तयार होतात.

आता आया. त्यांना इंग्रजी हवं आहे, कारण त्यांना आपलं मूल मागे राहायला नको आहे. ती इच्छा रास्त आहे, तिला हसू नका, झिडकारू नका. महिन्याच्या पालक सभेत भाषणाऐवजी मुलांनाच काहीतरी करू द्या. एकानं गोष्ट सांगावी, एकीनं दहा बिया मोजून आईच्या हातात द्याव्यात, एकानं चित्रातलं माणूस कोण आणि काय करतंय ते सांगावं. मग आयांना सांगा की इंग्रजीची चार गाणी, रंगांची नावं आम्ही तोंडी घेऊ, पण लिहिणं पहिलीत. आपलं मूल चारचौघांत उभं राहून बोलतंय हे एकदा पाहिलेली आई सहसा मूल काढून घेत नाही.

साहित्याची मागणी मात्र लेखी करत राहा, अंगणवाडीच्या अभ्यासक्रमातल्या खेळाच्या कोपऱ्यांची नावं घालून, पर्यवेक्षिकांच्या सहीनं पोच घेऊन. चिंचोके आणि पानं आहेत म्हणून पुस्तकं नकोत असं नाही. चित्रांची पुस्तकं मुलांना हवीतच, ती झाडावर लागत नाहीत. आणि आजींकडून ज्या गोष्टी ऐकाल त्यांतल्या एक-दोन मला लिहून पाठवा, वारलीत जशा सांगितल्या तशाच.